लिफ्ट की रॅम्प? आधी पाण्यातून बाहेर कसं यायचं ते ठरवा

तुमचा प्रश्न मी समजले तो असा. तालुक्याच्या गावातला नगरपरिषदेचा पोहण्याचा जुना टँक, २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद, उथळ बाजूला साडेतीन फूट पाणी. गळतीमुळे तो रिकामा करून दुरुस्तीला काढलाय. व्हीलचेअर वापरणाऱ्या एका ताईंनी आणि एका स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाच्या आईवडिलांनी अर्ज दिलाय की आम्हालाही पोहायला यायचंय. समितीतले काही जण म्हणतात लिफ्ट बसवा, म्हणजे माणसाला बसवून काठावरून पाण्यात सोडणारी आणि परत वर आणणारी यांत्रिक बैठक. ठेकेदार म्हणतो, टँक रिकामा आहे तोवर रॅम्प करून घ्या. आणि यातलं खरोखर काय वापरलं जाईल, ते तुम्हाला विचारायचंय.

टँक कोरडा असताना विचारलंत हे फार बरं केलंत. मला बहुतेक फोन येतात ते फरशी बसून, पाणी भरून, उद्घाटनाची तारीख ठरल्यावर. तेव्हा फारसं काही हातात उरत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. एकोणीस वर्षं सार्वजनिक टँकवर दिव्यांगांच्या बॅचेस घेते आहे आणि अलीकडे नवेजुने टँक तपासून काय बदलावं ते सांगायचं कामही करते. पुढचं सगळं त्या अनुभवातून लिहिते आहे.

लिफ्ट की रॅम्प हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा की तुमच्याकडे आलेला माणूस कुणी उचलल्याशिवाय पाण्यातून बाहेर कसा येणार? आत जाणं फारसं अवघड नसतं. काठावर बसवलं, हळूच सोडलं, खाली दोघांनी धरलं की माणूस पाण्यात. आणि पाण्यात अंग हलकं होतं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं तर पायांवर साधारण निम्मं वजन येतं, मानेइतक्या पाण्यात जेमतेम दहावा हिस्सा. जमिनीवर उभी न राहणारी माणसं तिथे उभी राहतात. काठावरचे लोक टाळ्या वाजवतात, फोटो निघतात. पाऊण तासाने तोच माणूस काठाशी येतो तेव्हा अंग ओलं आणि निसरडं असतं, दंड भरून आलेले असतात, काठ छातीच्याही वर असतो, आणि बाहेर निघताना सगळं वजन परत यायचं असतं. टँक सर्वांसाठी खुला आहे की नाही, ते त्या दोन मिनिटांत ठरतं.

हे मी एका काकांमुळे शिकले. एसटीतून निवृत्त झालेले, गच्चीवरून पडून कमरेखालचं अंग गेलेलं. माझं बॅच घेण्याचं दुसरंच वर्ष होतं. चार मुलांनी त्यांना खुर्चीवरून उचलून पाण्यात आणलं. वीसेक मिनिटं ते उताणे तरंगत होते आणि पुन्हा पुन्हा सांगत होते, "पाय कुठे आहेत ते कळत नाही गं, पण जड नाही लागत." बाहेर काढताना दोघांनी वरून काखेत धरलं, दोघांनी खालून ढकललं. काठाच्या एका फरशीचा कोपरा उडालेला होता, त्यावरून त्यांचा माकडहाडाचा भाग घासला गेला. संवेदनाच नाही, त्यामुळे दुखलं नाही. ओल्या अंगावर रक्तही दिसलं नाही. रात्री काकूंना चादरीवर डाग दिसला. ती जखम चिघळली आणि काका चार महिने पालथे पडून होते. ते परत कधी टँकवर आले नाहीत. आत नेण्याची तयारी मी नीट केली होती. बाहेर आणण्याचा विचार केला नव्हता, आणि ती चूक माझी होती. तेव्हापासून कुठल्याही टँकवर गेले की आधी काठावरून हात फिरवते. फरशीची कड, सिमेंटचा सांधा, शिडीचा बोल्ट, काहीही हाताला बोचलं तर ते आधी दुरुस्त करून घ्यायला सांगते.

बाहेर येण्याला आणखी एक बाजू आहे. पाण्याचा दाब पायांवर आणि पोटावर सगळीकडून असतो, त्यामुळे रक्त वर ढकललं जातं. बाहेर येताच तो दाब जातो, रक्त पायांकडे उतरतं, आणि कित्येकांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. मणक्याची इजा असलेल्यांना आणि वयस्कर माणसांना हा त्रास जास्त होतो. म्हणून बाहेर येण्याची सोय अशी हवी की माणूस बसल्या बसल्या, सावकाश, मधे थांबत वर येईल. कुणीतरी हिसका देऊन वर ओढणं हे नेमकं याच्या उलट आहे.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते. टँक दोन प्रकारचे असतात. नव्या टँकमध्ये पाणी काठाला टेकलेलं असतं आणि जाळीतून बाहेर पडतं. जुन्या टँकमध्ये पाणी काठापासून सहा ते दहा इंच खाली असतं. तुमचा जुना आहे म्हणजे बहुधा दुसरा प्रकार, आणि ते सहा-दहा इंच बाहेर येताना फार महाग पडतात. दुसरं म्हणजे येणारी माणसं कोण आहेत. कमरेखालचं अंग गेलेला पण हातांत ताकद असलेला तरुण, पक्षाघाताने एक बाजू गेलेल्या आजी आणि मानेखालचं अंग गेलेला मुलगा, या तिघांची गरज वेगवेगळी आहे. तिसरं म्हणजे तुमच्याकडे रोज हजर असणारी माणसं किती आणि ती टिकतात का. या तिन्हींची उत्तरं तुमच्याकडे आहेत, माझ्याकडे नाहीत. तरी तुम्ही दिलेल्या मापांवरून बरंच बोलता येतं.

ठेकेदाराच्या रॅम्पपासून सुरुवात करते. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे एक फूट खाली जायला बारा फूट लांबी. माणूस खुर्चीवरून सुटून तरंगायला लागावा यासाठी उतार पाण्याखाली साठ ते पंचाहत्तर सेंटीमीटरपर्यंत जायला हवा. पंचाहत्तर धरले तर नऊ मीटर लांबी झाली. तुमचं पाणी काठापासून पंचवीस सेंटीमीटर खाली असेल तर आणखी तीन मीटर. बारा मीटरचा रॅम्प साडेबारा मीटर रुंदीच्या टँकमध्ये घातला तर उथळ बाजूची पूर्ण भिंत गेली. तो टँकबाहेरून आणायचा तर आरसीसी भिंत फोडावी लागेल, आणि तुमची भिंत आधीच गळते आहे. शिवाय रॅम्पवर स्वतःची व्हीलचेअर नेता येत नाही. बेअरिंग गंजतात, गादी फुगते. त्यासाठी पाण्यातली वेगळी खुर्ची लागते. नवा टँक बांधायचा असता तर मी रॅम्पसाठीच हट्ट धरला असता, कारण त्याला बॅटरी लागत नाही आणि कुणाला हाक मारावी लागत नाही. पण तुमच्या या टँकमध्ये रॅम्प करू नका.

पहिला खर्च पायऱ्यांवर करा. सध्या तुमच्याकडे भिंतीला लावलेल्या उभ्या पाइपच्या शिड्या असतील. धडधाकट माणूस त्या हातांच्या जोरावर चढतो. पोलिओ झालेल्या, सेरेब्रल पाल्सी असलेल्या, पक्षाघात झालेल्या आणि गुडघे गेलेल्या माणसाला त्या निरुपयोगी आहेत. उथळ बाजूच्या एका कोपऱ्यात खऱ्या पायऱ्या करा, रुंद आणि सारख्या उंचीच्या, प्रत्येक पायरीच्या कडेला गडद रंगाची पट्टी. दोन्ही बाजूंना कठडे हवेत आणि दोन कठड्यांमधलं अंतर पन्नास ते साठ सेंटीमीटर. अंतर जास्त झालं तर दोन्ही हातांवर एकदम भार टाकता येत नाही, आणि मग कठडा असून नसल्यासारखा. या पायऱ्या करा आणि महिनाभर बघा. अर्ज न केलेली कितीतरी माणसं त्या वापरतील. आमच्याकडे सकाळच्या बॅचच्या ज्येष्ठ मंडळींनी जुन्या शिडीकडे परत बघितलंच नाही.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी एक साधी गोष्ट आहे आणि ती आपल्या ओळखीची आहे, कट्टा. टँकच्या काठालगत साधारण पंचेचाळीस सेंटीमीटर उंच आणि पस्तीस ते चाळीस सेंटीमीटर रुंद कट्टा बांधायचा. व्हीलचेअरची बैठक साधारण त्याच उंचीची असते, त्यामुळे माणूस खुर्चीवरून सरकून कट्ट्यावर बसतो, हाताने पाय उचलून पाण्याच्या बाजूला घेतो. पाण्याच्या बाजूने बसायच्या पायऱ्या खाली उतरत जातात, प्रत्येक पायरी वीस सेंटीमीटरपेक्षा उंच नाही, पस्तीस ते त्रेचाळीस सेंटीमीटर खोल, साठ सेंटीमीटर रुंद, आणि पाण्याखाली निदान पंचेचाळीस सेंटीमीटरपर्यंत गेलेल्या. लहान मूल घरातला जिना बसून बसून चढतं तसंच इथे वर यायचं. हातांत जोर असेल तर माणूस पूर्णपणे स्वतः आत-बाहेर करतो. कडा गोल करा, गुळगुळीत करा, वर फोमची पातळ चटई ठेवा आणि धरायला एक दांडी लावा. ज्याच्या हातांत ताकद नाही त्याला कट्ट्याचा उपयोग नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

आणि लिफ्ट. अमेरिकेच्या दिव्यांग कायद्याखालच्या २०१० च्या एडीए मानकांत पोहण्याच्या तलावांसाठी नेमकी मापं दिलेली आहेत. वर पायऱ्यांची आणि कट्ट्याची मापं दिली तीही बहुतेक तिथलीच. टँकची सगळी भिंत मिळून ९१ मीटरपेक्षा कमी असेल तर एकच मुख्य मार्ग पुरे, लिफ्ट किंवा रॅम्प. तुमची भिंत ७५ मीटर भरते. लिफ्ट जिथे बसवायची तिथे पाणी १२२ सेंटीमीटरपेक्षा खोल नको. तुमची उथळ बाजू त्यात बसते. बैठक काठापासून ४१ ते ४८ सेंटीमीटर उंचीवर थांबायला हवी, म्हणजे खुर्चीवरून सरळ सरकता येईल, आणि पाण्याखाली निदान ४६ सेंटीमीटर जायला हवी, म्हणजे माणूस अलगद तरंगून सुटेल. १३६ किलो वजन पेलायला हवं. बैठकीच्या शेजारी, पाण्याच्या उलट बाजूला, ९० बाय १२० सेंटीमीटर मोकळी जागा हवी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लिफ्ट काठावरून आणि पाण्यातून, दोन्हीकडून त्या माणसाला स्वतःला चालवता यायला हवी. विक्रेता तुम्हाला काठावरचा रिमोट दाखवेल. तुम्ही विचारा, "मी पाण्यात एकटी आहे, लिफ्ट वर गेलेली आहे, तर मी ती खाली कशी बोलवू?" याचं उत्तर नसेल तर ती लिफ्ट घेऊ नका.

एका शहरातल्या टँकवर मी तपासणीला गेले तेव्हा कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीखाली काहीतरी होतं. ताडपत्री काढली तर चांगली लिफ्ट, बैठकीवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. बॅटरी मेलेली होती, चार्जर ज्यांच्या कपाटात होता ते साहेब रजेवर होते, आणि ती कशी चालते हे माहीत असलेला एकच कर्मचारी बदलून गेला होता. तीन वर्षांत एकही माणूस तिच्यावर बसला नव्हता, आणि "आमच्याकडे कुणी दिव्यांग येतच नाहीत" असं मला तिथे सांगितलं गेलं. आता मी लिफ्ट सुचवताना चार अटी घालते. दोन बॅटऱ्या असाव्यात, एक लिफ्टवर आणि एक चार्जिंगला, पाण्यापासून लांबच्या खोलीत. तीन वर्षांचा देखभाल करार खरेदीच्याच निविदेत असावा. लिफ्ट उघडी आणि जागेवर असावी, मागितल्यावर गोडाऊनमधून आणायची नाही. आणि रोज सकाळी पहिल्या बॅचच्या आधी जीवरक्षकाने ती एकदा रिकामी खाली-वर करून वहीत सही करावी. दोन मिनिटांचं काम आहे. पण ते रोज झालं की बिघाड आधी कर्मचाऱ्याला कळतो, ताईंना पाण्यात अडकल्यावर नाही.

लिफ्टचा खांब काठाच्या काँक्रीटमध्ये बसवलेल्या नळकांड्यात उभा राहतो. ते नळकांडं आणि त्याचं अर्थिंग आत्ता, फरशी बसायच्या आधी टाकून घ्या. लिफ्टचे पैसे यंदा नसतील तरीही टाका. नंतर फरशी फोडावी लागली तर तीच लिफ्ट कितीतरी महाग पडते.

इथवरचं थोडक्यात: तुमच्या टँकला रॅम्प नको, कठड्यांच्या पायऱ्या नक्की हव्यात, लिफ्ट हवी, आणि ती यंदा जमत नसेल तर तिचा पाया घालून ठेवून कट्टा बांधा.

आता काठापर्यंत पोचायचं कसं ते बघू. तुमच्या टँकला पाय धुण्याचा हौद असेलच, आत जाताना पाण्यात पाय टाकूनच जावं लागतं असा. व्हीलचेअर तिथे थांबते, कुबड्या तिथे घसरतात. मी पाहिलेल्या दहा टँकपैकी आठ टँकवर पहिली अडचण हीच असते आणि समितीच्या ती लक्षातही आलेली नसते. हौदाच्या शेजारून ९० सेंटीमीटरची सपाट वाट काढा, तिला फाटक लावा, आणि तिथे चाकं आणि पाय धुवायला एक पाइप ठेवा. स्वच्छतेचा नियमही पाळला जातो. काठावरच्या गटाराच्या जाळ्याही बघा. फटी सव्वा सेंटीमीटरपेक्षा रुंद असतील तर व्हीलचेअरचं पुढचं लहान चाक अडकतं आणि माणूस तोंडावर पडतो.

कपडे बदलायच्या खोलीवर जरा जास्त विचार करा, कारण बाहेर येणं म्हणजे तिथपर्यंत पोचून, कोरडं होऊन, कपडे घालून फाटकाबाहेर पडणं. ओला पोशाख बसून निघत नाही, आडवं व्हावं लागतं. म्हणून निदान सहा फूट लांबीचा, खुर्चीच्या उंचीचा पक्का बाक हवा. अर्ज केलेल्या ताईंना मदत करायला त्यांचे यजमान येत असतील तर ते ना स्त्रियांच्या खोलीत जाऊ शकतात, ना त्या पुरुषांच्या. त्यासाठी एक स्वतंत्र खोली हवी, बाहेरून थेट दार असलेली, दार बाहेर उघडणारं, ९० सेंटीमीटर मोकळं, आत खुर्ची गोल फिरेल एवढी म्हणजे दीड मीटर जागा, तिथेच कमोड आणि हातात धरायचा शॉवर. मोठी जागा नसेल तर जुनं सामान ठेवायची खोली रिकामी करा. मी अशा तीन खोल्या त्याच मार्गाने मिळवल्या आहेत. गीझर असेल तर गरम-गार मिसळून ठरावीक तापमानालाच पाणी येईल असा व्हॉल्व्ह लावा. संवेदना नसलेल्या पायावर कढत पाणी पडलं तर भाजलेलं कळत नाही. आणि नळ लांब दांडीचा लावा, कोपराने उघडेल असा. सोलापूर जिल्ह्यातला सुयश जाधव, कोपराखाली दोन्ही हात नसलेला जलतरणपटू, रिओ आणि टोकियो अशा दोन पॅरालिम्पिकमध्ये भारताकडून पोहला. २०१८ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायचं सुवर्णपदक घेतलं. असा माणूस तुमच्या टँकवर आला तर पाण्यात त्याला काहीच अडचण येणार नाही, पण न्हाणीघरातला गोल फिरकीचा नळ त्याला अडवेल.

ज्यांच्या पायांना संवेदना नाही त्यांना पाण्यात मोजे किंवा पाण्यातले बूट घालू द्या. उथळ बाजूला पाय तळाशी घासतात आणि पायाच्या बोटांची सालं निघतात. नियमात "पोहण्याच्या पोशाखाशिवाय काहीही चालणार नाही" असं असेल तर त्यात ही एक ओळ घाला. आणि डिसेंबर-जानेवारीत पाणी गार असतं तेव्हा त्यांची वेळ कमी ठेवा. मणक्याची इजा वरच्या भागात असेल तर इजेखालचं अंग कुडकुडत नाही, त्यामुळे थंडी बाधते आहे हे त्या माणसाला उशिरा कळतं. टॉवेल आणि खुर्ची लिफ्टच्या शेजारीच तयार ठेवा, खोलीत नको.

स्वमग्न मुलाच्या बाबतीत बांधकामाचा भाग थोडा आणि माणसांचा जास्त आहे. माझ्याकडे एक सात वर्षांचा मुलगा यायचा. पाण्याची त्याला ओढ होती, पण पोहण्याआधीच्या शॉवरखाली तो किंचाळायचा आणि सगळी बॅच थांबायची. शॉवरचे थेंब डोक्यावर टोचतात असं काही मुलांना वाटतं. त्याच्या आईने घरून त्याचा लाल मग आणला, बादलीतून त्याने स्वतःच्या हाताने अंगावर पाणी घेतलं, आणि शांतपणे काठाशी जाऊन उभा राहिला. नियमाचा हेतू अंग धुऊन येणं हा आहे, तो पूर्ण झाला. तुमच्याकडच्या मुलाला आधी गर्दी नसलेल्या वेळी दोन-तीनदा नुसतं टँक बघायला येऊ द्या. पत्र्याच्या छताखाली शिट्टीचा आवाज घुमतो, त्यामुळे शांत बॅच द्या. रोज तोच जीवरक्षक, तोच कोपरा, तोच क्रम ठेवा. आणि हे अगदी गंभीरपणे घ्या: स्वमग्न मुलांना पाणी खेचून घेतं आणि धोक्याची जाणीव कमी असू शकते. एक मोठं माणूस सतत हाताच्या अंतरावर पाण्यात हवं, आणि टँकच्या फाटकाला मुलांच्या हाती न लागणारी, आपोआप बसणारी कडी हवी.

बाकीच्यांबद्दल पटापट सांगते, कारण आज अर्ज दोनच असले तरी सोय झाली की इतरही येतील. कर्णबधिर मुलाला शिट्टी ऐकू जात नाही. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांटचा (शस्त्रक्रियेने कानात बसवलेल्या ऐकण्याच्या यंत्राचा) बाहेरचा भाग पाण्यात जाताना काढून ठेवलेला असतो, त्यामुळे काठावर ऐकणारा मुलगाही पाण्यात ऐकत नाही. दोन टोकांना लाल झेंडे ठेवा आणि पहिल्या दिवशी त्याला खूण समजावून द्या. दृष्टिहीनांना भिंतीलगतची लेन द्या, दोरी ताणलेली ठेवा, आणि भिंत जवळ आली की पाठीवर किंवा डोक्यावर हलका स्पर्श करायला लांब काठीच्या टोकाला फोमचा गोळा बांधा. स्पर्धांमध्येही हेच करतात. नागपूरची कांचनमाला पांडे दृष्टिहीन आहे, आणि २०१७ साली मेक्सिकोतल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत तिने सुवर्णपदक मिळवलं. फिट येणाऱ्या माणसाला बंदी घालू नका, पण सोबत एक जाणता माणूस पाण्यात असायलाच हवा. पाण्यात फिट आली तर घाईने बाहेर ओढायचं नाही. चेहरा पाण्यावर धरून ठेवायचा, झटके थांबले की बाहेर घ्यायचं, आणि बरं वाटलं तरी डॉक्टरकडे पाठवायचं. लगेच १०८ ला फोन करायला कोण जाणार हे आधीच ठरलेलं असावं.

बॅच पाऊण तासाची असेल. व्हीलचेअरवरून येणाऱ्या माणसाचा तेवढाच वेळ कपडे बदलण्यात जातो. त्यांना वीस मिनिटं आधी आत घ्या आणि नंतर अर्धा तास खोली वापरू द्या. मदतनीसाचं तिकीट घेऊ नका, तो पोहायला आलेला नाही. वैद्यकीय दाखला इतरांकडून मागता तेवढाच मागा. मी असे अर्ज पाहिले आहेत जिथे इतरांना साधा फिटनेस दाखला आणि दिव्यांगांना तीन तज्ज्ञांची पत्रं, शिवाय "काही झाल्यास जबाबदारी माझी" असं हमीपत्र. असा अर्ज हातात पडला की माणूस परत येत नाही. लघवीवर ताबा नसणं हा प्रश्न खरा आहे. त्यासाठी पाण्यात घालायचे खास डायपर मिळतात. पण ते काउंटरवर सगळ्यांसमोर विचारू नका. बाजूला घेऊन, एकदाच विचारा.

समितीत कायदा विचारला जाईलच. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, त्याचे नियम १५ जून २०१७ ला आले. कलम ४५ नुसार अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, करायच्या होत्या. ती मुदत उलटून गेली आहे. कलम ३० मध्ये क्रीडा सुविधांचा स्वतंत्र उल्लेख आहे. आणि ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगमतेचे किमान निकष नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. पैशांसाठी नगरपरिषदेच्या दिव्यांग कल्याणाच्या पाच टक्के निधीकडे बघा. तो बऱ्याच ठिकाणी खर्चच होत नाही. मुख्याधिकाऱ्यांना पत्र देताना "दुरुस्तीच्या चालू कामात समाविष्ट करावे" असं लिहा, म्हणजे वेगळी निविदा निघायची वाट बघावी लागणार नाही.

कुणी विचारेल की दोन माणसांसाठी एवढं का करायचं. अशा वेळी लोक मुरलीकांत पेटकरांचं नाव घेतात. पेठ इस्लामपूरचे, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाईलमध्ये भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवणारे. त्यांचा मला अतोनात आदर आहे. तरी मी समितीपुढे त्यांचं उदाहरण शेवटी देते, कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना पदक नको असतं. त्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत बाकीच्या गावाबरोबर पाण्यात असायचं असतं, आणि ते पुरेसं कारण आहे.

एक काम मात्र याच आठवड्यात करा, प्लास्टर व्हायच्या आधी. त्या ताईंना टँकवर बोलवा. रस्त्यावरून फाटकापर्यंत, फाटकातून काठापर्यंत त्यांना त्यांच्या खुर्चीवरून येऊ द्या, मधे कुणी ढकलू नका, आणि जिथे त्या अडतील तिथे खडूने फुली मारा. मग कोरड्या टँकच्या काठालगत त्यांची खुर्ची लावा. बैठकीची उंची मोजा. त्यांचा हात कुठवर पोचतो, दांडी कुठे असली तर पकड बसते, उजवीकडून सरकणं सोपं जातं की डावीकडून, हे त्यांनाच विचारा आणि तिथेच भिंतीवर रेघा ओढा. गवंड्याला त्या वेळी हजर ठेवा. नकाशावरची मापं त्या रेघांशी जुळली नाहीत तर काम रेघांप्रमाणे करायला सांगा.